बाळाचं चित्र स्वच्छ दिसावं म्हणून

मूल जन्माला घालायला दोन माणसं पुरतात. त्याच्यावर लक्ष ठेवायला मात्र अख्खा समाज लागतो. हे तत्त्व सगळ्या जगाला मान्य आहे. पण त्याची शास्त्रशुद्ध अंमलबजावणी झाली ती मॉरिशसच्या उत्तरेला, तेर रूज गावी, तिथल्या मराठी मंडळाच्या हातून, एकोणीसशे शहाऐंशीच्या सुमारास. इतर देशांतले आईबाप म्हणे मूल रडलं की उठून त्याच्याजवळ जातात. जाऊ देत बिचारे. त्यांच्याकडे मंडळ नाही.

ज्या मुलामुळे हे सगळं घडलं त्याचं नाव कृष्णदेव, आणि त्याच्या बापाचं नंदलाल. नंदलाल स्वेटरच्या कारखान्यात गोदाम सांभाळायचा. (युरोपातल्या थंडीची काळजी त्या काळी या घामट बेटावर वाहिली जात असे.) लग्नाला पुष्कळ वर्षं झाली, नवस झाले, डॉक्टर झाले, आणि मग कृष्णदेव झाला. नंदलालला आभाळ ठेंगणं झालं. अडचण एकच होती. पोर माणसं ओळखून हसायला लागलं तरी नंदलालने त्याला अजून एकदाही उचललं नव्हतं.

याला कारण रीत. वडीलधाऱ्यांच्या देखत बापाने स्वतःचं पोर उचलायचं नाही, ही ती रीत. खापरपणजोबा कोकणातून बोटीने ऊस तोडायला आले तेव्हा वाटेत त्यांची भांडी हरवली, कपडे कुजले, दोघातिघांची नावं कागदावर भलतीच चढली, पण ही रीत एक ओरखडा न पडता किनाऱ्याला लागली. ती कशासाठी आहे यावर मतभेद आहेत. काहींच्या मते थोरांसमोर आपल्याच पोराचे लाड करणं हा निर्लज्जपणा. काहींच्या मते पुरुषाच्या हातून पोर पडतं. (पडलेल्या पोरांची नोंद मंडळाकडे नाही. उचललीच नाहीत तर पडणार कुठून?)

नंदलालचे वडील तुलसीराम म्हणजे उसाच्या मळ्यावरचे निवृत्त सरदार, म्हणजे मजुरांच्या टोळीचे मुकादम, आणि मराठी मंडळाचे तहहयात अध्यक्ष. त्यांनी ही रीत काटेकोर पाळली होती. "तुला मी पहिल्यांदा हात लावला तो तू शाळा चुकवलीस त्या दिवशी," असं ते चारचौघांत अभिमानाने सांगत. नंदलाललाही तो दिवस चांगला आठवत होता.

तर असे हे तुलसीराम नातू झाल्यापासून पाळण्याशेजारी वेताची खुर्ची टाकून बसले ते बसलेच. ते आंघोळीला गेले की त्यांची बायको बसंती येऊन बसे. बसंती स्वयंपाकघरात गेली की शेजारची गंगाकाकी कुंपणावरून हजर. रात्री पोर आजीच्या कुशीत. एवढ्या थोर मंडळींच्या गराड्यात नंदलाल आपला दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचा आणि लांबूनच भुवया उडवून पोराला हसवायचा. कारखान्यात लहान मुलांच्या स्वेटरचा गठ्ठा आला की तो उगाचच उचलून खांद्याशी धरायचा आणि सुपरवायझर दिसला की खाली ठेवायचा. इतकी वाईट अवस्था झाली होती.

"अहो, उचला की," त्याची बायको सुनयना म्हणायची. "आता कोण नाही बघा."

"बाबा येतील."

"येतील तेव्हा येतील. पोर काय चोरीचं आहे?"

"तुला नाही कळायचं," असं म्हणून नंदलाल हात मागे घ्यायचा, आणि मग रात्री अंथरुणात तळमळत पडायचा. सुनयना माहेरची माएबूर्गची. तिथे समुद्रावर जाणारे पुरुष सकाळी पोरांना खांद्यावर घेऊन होड्या बघायला जात, त्यामुळे तिच्यावर संस्कार जरा कमीच झाले होते.

अशा वेळी देवानेच बुद्धी द्यावी तशी नंदलालची चुलत बहीण इंद्राणी लंडनहून सुट्टीवर आली. ती तिथे नर्स होती. तिने येताना एक यंत्र आणलं. दोन पांढऱ्या डब्या. एक बाळाजवळ ठेवायची, एक आपल्याजवळ. मधे तार नाही, काही नाही, आणि बाळ रडलं की आपल्या डबीतून ऐकू येतं. सगळ्यांनी आळीपाळीने डबी कानाला लावली आणि विलायतेचं कौतुक केलं. नंदलालच्या डोक्यात मात्र लख्खकन दिवा लागला. बाबांना वरांड्यात डबी घेऊन बसवलं, की पाळण्याची खोली मोकळी! आई निश्चिंत, काकी आपल्या घरी, आणि आपण आत. दार लावून.

"बाबा," तो त्या संध्याकाळी म्हणाला, "त्या खोलीत डास फार. तुम्ही वरांड्यात वाऱ्याला बसा की. डबी आहेच."

तुलसीराम बसले. डबी मांडीवर. थोडा वेळ पोराचा श्वास ऐकू आला, आणि मग डबीतून भरदार पुरुषी आवाजात हुकूम सुटला, "आवांसे! आवांसे!" म्हणजे पुढे चला, पुढे चला. ऊसतोडणीचा हंगाम होता आणि साखर कारखान्याचे लोक बिनतारी यंत्रावरून ट्रकवाल्यांना वजनकाट्याकडे हाकत होते, एवढाच त्याचा अर्थ. पण तुलसीरामांनी आयुष्यभर मळ्यावर हा शब्द ऐकून पाऊल उचललेलं. ते ताडकन उठले, डोक्यावरची टोपी काढली आणि वरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हुकूम नातवाच्या खोलीतून आला आहे.

"पोरगा साहेब होणार," एवढंच ते म्हणाले, आणि डोळे पुसले.

इकडे नंदलाल खोलीत शिरून पाळण्यावर वाकतो न वाकतो तोच हे शुभवर्तमान सांगायला ते आत आले. सगळं मुसळ केरात. उलट बाजूने ट्रकवाल्यांना आपापल्या केबिनमध्ये तान्हं पोर रडताना ऐकू यायला लागलं. त्यातला एकजण नुकताच बाप झाला होता. तो उसाने भरलेला ट्रक वजनकाट्यावर न नेता घाबऱ्या घाबऱ्या थेट घरी घेऊन गेला. कारखान्याकडून तक्रार आली, तेव्हा यंत्र बदलायचं ठरलं.

आता मंडळाचा अध्यक्ष झाला म्हणून बाजारात जाऊन हवी ती वस्तू घेईल, असं तेर रूजमध्ये चालत नाही. बालनिरीक्षण यंत्र निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष तुलसीराम. सचिव चंद्रमोहन, हे पोस्टातून निवृत्त झालेले आणि एके काळी तारखात्याच्या खोलीशेजारी बसत असल्यामुळे बिनतारी विषयातले जाणकार. तज्ज्ञ सल्लागार म्हणून शेजारच्या पांपलमूस गावचा जयदेव. हा टीव्ही दुरुस्त करायचा आणि लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. यंत्र विकणाराही तोच होता. (एकाच माणसाकडून सल्ला आणि माल दोन्ही मिळाल्याने समितीची बरीच पायपीट वाचली.) नंदलालला समितीत घेतलं नाही. बाळात त्याचे हितसंबंध गुंतलेले होते.

समितीने यंत्रनिवडीची जी तत्त्वं घालून दिली, ती आजही कोणत्याही घराला मार्गदर्शक ठरतील. यंत्र भारदस्त दिसलं पाहिजे. खिशात मावणाऱ्या वस्तूला कोणी मान देत नाही. नुसता आवाज उपयोगाचा नाही, चित्र हवं, कारण कान फसवतात, डोळे नाही. किंबहुना ट्रकवाल्यांचा सगळा घोळ आवाजामुळेच झालेला असल्याने आवाज हाच मुख्य व्यत्यय होय; सबब तो काढून टाकावा. अँटेना उंच असावी. आणि पल्ला? पाळण्यापासून वरांड्यापर्यंत, असं नंदलालने बाहेरूनच सुचवून पाहिलं.

"वरांड्यापर्यंत तर मी हाक मारली तरी पोचते," चंद्रमोहन म्हणाले. "उद्या अध्यक्ष मंडळाच्या हॉलमध्ये बसले असतील तर?"

"आणि मंदिरात असतील तर?" जयदेव म्हणाला.

"बाजारात असलो तर?" तुलसीराम म्हणाले, आणि पल्ला गावभर ठरला.

जयदेवने आपल्या लग्नाच्या कॅमेऱ्याला मागून एक पत्र्याची पेटी जोडली आणि तुलसीरामांच्या घरावर तारांचा असा एक सांगाडा उभा केला की पलीकडच्या गल्लीतली माणसं बघायला आली. सरकारी वाहिनी आणि शेजारच्या रियुनियन बेटाची वाहिनी यांच्या मधे टीव्हीवर एक ओसाड जागा होती, जिथे आजवर नुसत्या मुंग्या दिसत. ती जागा बाळाला देण्यात आली. मग व्यत्यय टाळण्यासाठी गल्लीत सूचना फिरली. शिवणयंत्राची मोटर चालवू नये, पायाने चालवावं. मिक्सर फक्त बाळ जागं असताना. ट्यूबलाइट चालू करताना फडफडते, म्हणून ती एकदा लावली की विझवू नये. मोपेडवाल्यांनी कोपऱ्यावर इंजिन बंद करून गाडी ढकलत न्यावी. धोलपुरी, म्हणजे डाळ भरलेली पातळ पोळी, विकणारा हरिलाल पुढे कित्येक दिवस गाडी ढकलत हिंडला आणि लोक त्याला विचारायचे, बाबा, पेट्रोल संपलं काय? प्रेशर कुकरला वीज लागत नाही, तरी त्याची शिट्टी संशयास्पद असल्याने तोही बंद. लोकांनी हे सगळं आनंदाने पाळलं. समाजाचं मूल होतं.

यंत्र सुरू झालं तो दिवस नंदलालच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस ठरायचा, पण थोडक्यात हुकलं. तुलसीराम वरांड्यात टीव्हीसमोर जाऊन बसले. समोर काळ्यापांढऱ्या रंगात कृष्णदेव, मूठ तोंडात घालून. चित्र इतकं स्वच्छ की पोराच्या कपाळावरची तीट दिसत होती. आई स्वयंपाकघरात, काकी आपल्या घरी. नंदलालने कॅमेऱ्याच्या मागे राहून अंदाज घेतला. कॅमेऱ्यासमोर जायचं नाही, पोराला बाजूने उचलायचं, क्षणभर छातीशी धरायचं, परत ठेवायचं. बाबा तेवढ्यात तपकीर ओढतील. त्याने हात पुढे केला. त्याची बोटं पोराच्या पायाला लागली. काय मऊ पाय तो!

"अरे नंदलाल!" कुंपणापलीकडून गंगाकाकीचा आवाज आला. "टोपी उलटी घातलीय पोराची! आणि हात धुतलेस काय?"

पाठोपाठ समोरच्या घरातून कोणी ओरडलं की पोराला ऊन लागतंय, पडदा ओढा. मग पलीकडच्या गल्लीतून निरोप आला की पोर अगदी आज्यावर गेलंय. नंदलालने हात मागे घेतला. पल्ला गावभर ठरला होता आणि तो, जयदेवच्या शब्दाला जागून, खरोखरच गावभर पोचला होता. गावातल्या प्रत्येक टीव्हीवर कृष्णदेव दिसत होता.

आता कोणाला वाटेल की लोकांनी तक्रार केली असेल. छे! दुसऱ्याचं आपल्या घरात आलं तर तो व्यत्यय. आपलं दुसऱ्याच्या घरात गेलं तर तो प्रसार, असा स्पष्ट खुलासा चंद्रमोहन यांनी केला. शिवाय लोकांना बाळ आवडलं. सरकारी वाहिनीवर जे लागे त्यापेक्षा त्याचा चेहरा जास्त हलायचा. समितीने पाहणी केली तेव्हा टीव्ही असलेल्या घरांपैकी सगळी घरं बाळ बघत होती, एक सोडून. त्या घरचा टीव्ही बिघडला होता आणि ते लोक शेजारी जाऊन बघत होते.

याचा घरावर जो परिणाम झाला तो कोणत्याही सुधारकाला हेवा वाटावा असा होता. सुनयना पोराजवळ जाताना डोक्यावर पदर घेऊन, नजर खाली घालून जाऊ लागली, कारण सासऱ्यांचं अख्खं गोत बघत होतं. पाजायला ती पोराला उचलून कोपऱ्यात नेई, तेव्हा चित्र रिकामं पडे, आणि लोकांची कुरकुर सुरू होई. त्यावर समितीने तोडगा काढला की पाजणं शक्यतो बातम्यांच्या वेळी उरकावं. बसंती तर नातवाचा लंगोट बदलायला लग्नातली साडी नेसू लागली. पण तिचा हात मधे येतो, बाळ झाकलं जातं, असं लोक म्हणाले, तेव्हा तीही हिरमुसून लांब राहिली. तुलसीराम पूर्वी निदान पाळण्याशेजारी असायचे. आता ते वरांड्यात. गंगाकाकी पूर्वी कुंपण ओलांडून यायची; आता तिला घरबसल्या दिसत होतं. त्यामुळे एवढी माणसं डोळ्यांत तेल घालून बघत असताना पोर त्या खोलीत दिवसभर एकटं असायचं. आधी ते दाराकडे बघायचं. मग तेही सोडलं त्याने.

आणि नंदलाल? पूर्वी एका बापाची नजर चुकवायची होती. आता गावभरच्या काका, मामा, आज्या, चुलतआज्यांची, आणि हवा स्वच्छ असेल त्या दिवशी पांपलमूसच्या सोयऱ्यांचीही. उचलणं तर सोडाच, खोलीत पाऊल टाकलं की गल्लीतून खाकरल्याचे आवाज यायचे. तो जयदेवकडे गेला आणि त्याने अक्षरशः हात जोडले.

"भाऊ, ताकद कमी कर रे त्या पेटीची. वरांड्यापुरती ठेव."

"अरे, मो पा कोने," जयदेव म्हणाला, म्हणजे मला नाही बाबा ठाऊक. "वाढवायची कशी ते मला येतं. कमी करायला आजवर कोणी सांगितलंच नाही."

"काय मिळवलंत?" त्या रात्री सुनयना म्हणाली. ती रडत होती. "आधी निदान खोलीत माणूस होता. आता सगळे बघतात आणि कोणी नसतं."

नंदलालने कूस बदलली. आयडिया त्याचीच होती.

मंडळाची वार्षिक सभा रविवारी दुपारी भरली. पुरुष हॉलमध्ये, बायका मागच्या चुलींवर जेवणाला लागलेल्या. टीव्ही अध्यक्षांच्या टेबलावर असा ठेवलेला की तो खिडकीतून चुलींकडेही दिसावा, म्हणजे सुनयनाला पोराची काळजी नको. नंदलालला घरी ठेवलं होतं, पण पाळण्याच्या खोलीत नव्हे. तो पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसला होता, आणि त्याला कार्यपद्धती नीट समजावून दिली होती. बाळाला काही हवं असं चित्रात दिसलं, तर आत जायचं नाही. पळत हॉलवर येऊन समितीला कळवायचं. समिती एखाद्या ज्येष्ठ बाईला पाठवील. पाळण्याची खोली त्याच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं एखादा अडाणी म्हणेल.

दुपारी वारा सुटला. खिडकीतून झोत आला आणि पाळण्यावरच्या मच्छरदाणीची दोरी खिळ्यावरून निसटली. जाळी खाली आली. अर्धी कॅमेऱ्यावर पडली आणि अर्धी कृष्णदेवच्या तोंडावर. त्याने हात मारले, तशी ती आणखी गुंडाळली गेली.

गावातले सगळे टीव्ही एकदम पांढरे पडले.

हॉलमध्ये हिशेबाचा विषय चालू होता तो थांबला. "व्यत्यय!" चंद्रमोहन उभे राहून म्हणाले, आणि सभेने एकमताने मान डोलावली. तेर रूजच्या लोकांना व्यत्यय नवा नव्हता. गंगाकाकीने चुलीपासून उठून हॉलमधला फ्रिज बंद केला. गल्लीतले पंखे बंद झाले. रस्त्यावर हरिलाल मोपेड ढकलतच चालला होता. त्याला ढकलणंही थांबवायला सांगितलं. मग तरुण माणसं पटापट छपरांवर चढली. एवढी माणसं एकाच वेळी छपरांवर वादळानंतरच दिसतात. "आता?" असं वरून, आणि "नाही! अजून डावीकडे!" असं खालून. एकाने अँटेना इतकी फिरवली की त्याच्या घरात रियुनियनवरची सायकल शर्यत लागली आणि घरची मंडळी थोडा वेळ तीच बघत बसली. एका घरी म्हाताऱ्याने टीव्हीला डाव्या अंगाने थापट्या दिल्या, उजव्या अंगाने दिल्या, मग उदबत्ती ओवाळली. चंद्रमोहन यांचं म्हणणं पडलं की हा सूर्यावरच्या डागांचा परिणाम आहे. त्यावर एका सभासदाने विचारलं की सूर्य मंडळाच्या कार्यकक्षेत येतो काय, आणि त्यावर चर्चा झाली.

"मला घरी जाऊ द्या," सुनयना म्हणाली. तिच्या हातातली पळी खाली पडली होती.

"अगो थांब, चित्र येईल आत्ता," बायका म्हणाल्या. "चित्र आलं की बघ, आणि मग जा. उगाच कशाला घाबरतेस? सगळा गाव बघतोय ना!"

सुनयना थांबली नाही. पदर सावरायचंही भान तिला राहिलं नाही. ती पळत सुटली. पण हॉल घरापासून लांब होता.

नंदलालही इतरांसारखाच उठला होता. त्याने आधी टीव्हीला थापट मारली. मग अंगणात जाऊन खांब धरून अँटेना हलवू लागला. अंगणातला तो खांब पाळण्याच्या खिडकीला लागूनच होता. खांब हलवता हलवता त्याला एक आवाज आला. पोराचं रडणं, पण दाबलेलं, कापड तोंडात कोंबल्यासारखं. मग ते घुसमटलं. मग थांबलं.

नंदलालला आधी कळेचना की हा आवाज कुठून येतोय. आवाज तर समितीने काढून टाकला होता. मग कळलं आणि तो धावला.

उंबरठ्यावर त्याचा पाय अडला. खरं सांगायचं तर अडला. एवढ्या पिढ्यांची रीत, ती काय एका उडीत ओलांडते? समोर कॅमेरा, आणि कॅमेऱ्यामागे त्याला सगळे दिसले: बाबा, काका, मामा, पांपलमूसचे सोयरे. मग पाळण्यात जाळीखाली पोराचा पाय हलला, तोच पाय. "मरू देत सगळे!" असं नंदलाल म्हणाला. ते मोठ्याने म्हणाला, पण आवाज नसल्यामुळे ते नोंदलं गेलेलं नाही. त्याने जाळी टराटरा फाडली, कॅमेऱ्यावरचीही ओढून फेकली, आणि निळ्या पडू लागलेल्या पोराला उचललं. पोराने एक मोठा श्वास घेतला आणि असा टाहो फोडला की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. नंदलालने त्याला छातीशी आवळलं आणि तोही रडू लागला, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखा.

"आलं! आलं! चित्र आलं!" हॉलमध्ये टाळ्या पडल्या. छपरांवरून आरोळ्या उठल्या. प्रत्येक छपरावरच्या माणसाला वाटलं की आपल्याच हाताला यश आलं. मग लोकांनी चित्र नीट बघितलं आणि टाळ्या थांबल्या. एक चांगला कर्ता पुरुष सगळ्या थोरामोठ्यांच्या देखत स्वतःच्या पोराला कवटाळून मुके घेत होता. ज्येष्ठांनी सभ्यपणे माना खाली घातल्या. गंगाकाकी तोंडावर हात ठेवून म्हणाली, "आयो, बोंदिये!", म्हणजे अरे देवा, आणि बघत राहिली. तुलसीरामांनी मान खाली घातली नाही. ते टीव्हीकडे बघत बसले. थोड्या वेळाने त्यांनी जयदेवला हळूच विचारलं, "आवाज नाही काय रे आणता येत?"

"आत्ता नाही, सरदार."

"राहू दे," तुलसीराम म्हणाले.

सुनयना घरी पोचली तेव्हा नंदलाल जमिनीवर बसला होता आणि पोर त्याच्या गळ्यात झोपलं होतं. तिने हात पुढे केले. त्याने पोर दिलं नाही. ती त्याच्याजवळ बसली, आणि दोघांनी मिळून कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे केलं. (त्या संध्याकाळी गावाने पुष्कळ वेळ भिंत पाहिली. चित्र उत्तम होतं, असं म्हणतात.)

सभेने दोन ठराव केले. पहिला, छपरांवर चढून चित्र पूर्ववत करणाऱ्या सर्व तरुणांचं अभिनंदन. दुसरा, नंदलाल यांना वडीलधाऱ्यांसमोर असभ्य वर्तन केल्याबद्दल समज. अध्यक्षांनी पहिल्यावर सही केली. दुसऱ्याच्या वेळी त्यांना चष्मा सापडला नाही.

पुढे काही आगाऊ मंडळींनी प्रश्न काढला की एवढा गाव बघत असताना कोणी धावलं कसं नाही. हा प्रश्न अन्यायाचा आहे. गावाला फक्त पांढरं चित्र दिसत होतं. चंद्रमोहनना ठाऊक नव्हतं, गंगाकाकीला ठाऊक नव्हतं, छपरांवरच्या पोरांना तर नव्हतंच. सुनयनाला नुसती शंका आली, तरी ती पळाली. ज्याला माहीतच नाही त्याला बोल कसा लावणार? जाळी पोराच्या तोंडावर पडली आहे हे त्या दुपारी दोघांनाच ठाऊक होतं. एक ही गोष्ट सांगणारा. तो सांगण्यात गुंतला होता. दुसरे तुम्ही. तुम्हाला सगळ्यांच्या आधी, स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं, आणि त्यानंतर तुम्ही फ्रिज बंद करणाऱ्या काकीला हसलात, सायकल शर्यत बघणाऱ्या घराला हसलात, सूर्यावरच्या डागांची चर्चाही पुरी होऊ दिलीत. तुमच्याकडे तर काही व्यत्यय नव्हता. चित्र अगदी स्वच्छ दिसत होतं.